एक तास जागं राहायचं

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी घाबरट आहे. पालीला घाबरते, लिफ्ट मध्येच थांबली की घाबरते, अनोळखी लॅण्डलाइन नंबरवरून फोन आला तरी घाबरते. इन्कम टॅक्सची मेल आली की उघडायच्या आधी पाणी पिते. माझ्या मित्रमैत्रिणींमध्ये हा जोकचा विषय आहे. मीही हसते, कारण ही सगळी किरकोळ भीती. होलसेल भीती काय चीज असते ते मला या वर्षी मार्चच्या शेवटी कळलं.

आईला छातीत गाठ लागली. आंघोळ करताना तिच्या हाताला लागली होती, तीन आठवड्यांपूर्वीच. का सांगितलं नाहीस, म्हणून मी ओरडले तर म्हणाली, ‘तुझी ती मोठी स्टोरी चालली होती ना गं, डेडलाइन होती.’ डोक्याला हात लावला मी. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून बघितली आणि बोलताना ‘पण’ हा शब्द जरा जास्तच वेळा वापरला. मग बायोप्सी. ‘रिपोर्टला आठवडा लागेल. शनिवारी या.’

तो आठवडा, मंडळी, मी कुणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणते. दिवस कसाबसा जायचा. दोन क्लायंट, एक इंटरव्ह्यू, आईची भाजी निवडणं, सगळं नॉर्मल. रात्री मात्र मोबाइल उशाखाली घेऊन मी गुगल करत पडायचे. एक वाजता आई पूर्ण बरी व्हायची, दोन वाजता मी एकटीच उरलेली असायचे. तीन वाजता छातीत अशी धडधड सुरू व्हायची की वाटायचं, पेशंट मीच आहे.

मंगळवारी रात्री असंच तीन वाजता पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. अगदी हळू. ‘जागी आहेस का गं?’

मी जागी होते. टक्क जागी. पण मी डोळे मिटून घेतले आणि झोपलेला माणूस घेतो तसे लांब लांब श्वास घ्यायला लागले. कारण मी ‘हो’ म्हटलं असतं तर ती काहीतरी बोलली असती. आणि ती जे बोलली असती ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. ती दोन मिनिटं थांबली. मग तिच्या खोलीतला दिवा बंद झाला.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

आता या गोष्टीत माझी एक मैत्रीण येते. आम्ही एकाच पीजीत दोन वर्षं काढली, एकाच मॅगीच्या पातेल्यात जेवलो. तिचं नाव छापलेलं तिला आवडणार नाही, म्हणून तिला आपण ‘वसईकर’ म्हणू. वसईची कॅथलिक, घरी सामवेदी बोलणारी, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिणारी. हल्ली नगर रोडवर एका आयटी कंपनीत आहे. बुधवारी तिचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिने कसं काय वगैरे काही विचारलं नाही. म्हणाली, ‘उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर चल. पवित्र गुरुवार आहे.’

‘हे बघ, मला देवाबिवाचं काही सांगू नकोस. मी आत्ता त्या मूडमध्ये नाहीये.’

‘सांगतंय कोण? बसायचंय फक्त. तुला नाहीतरी रात्री झोप येत नाही.’

लॉजिकमध्ये खोट नव्हती. शेजारच्या काकू आईसोबत सिरियल बघायला येणार होत्या. मी निघाले.

क्वार्टर गेटचं सिटी चर्च मी शंभर वेळा बाहेरून पाहिलंय. सिग्नलला गाडी बंद करून पाहिलंय. आत कधी गेले नव्हते. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जमिनीवर हे चर्च उभं राहिलं, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी, हेही मला वसईकरने त्या दिवशी सांगितलं. जर्नलिस्ट मी, आणि गावची माहिती देणार ही. असो.

पवित्र गुरुवार म्हणजे गुड फ्रायडेची आदली संध्याकाळ. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं ती रात्र. त्याच जेवणात त्याने उठून शिष्यांचे पाय धुतले असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणून फादर त्या दिवशी खरोखर खाली वाकून लोकांचे पाय धुतात, पुसतात. मिस्सा संपल्यावर वेदीवरचं सगळं काढून घेतात. फुलं नाहीत, कापड नाही. घंटा तर ईस्टरच्या जागरणापर्यंत वाजतच नाही. पवित्र भाकर बाजूच्या एका छोट्या वेदीवर नेऊन ठेवतात आणि लोक तिच्यासमोर रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. कुणी तासभर, कुणी जास्त.

‘आणि करायचं काय?’ मी कुजबुजले.

‘काही नाही. जागं राहायचं.’

माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा होते, त्यांच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. एक कॉलेजची मुलगी चपला काढून मांडी घालून बसली होती. मला वाटलं होतं, आत गेलं की काहीतरी दिव्य वगैरे वाटेल. काहीच वाटलं नाही. पंखा करकरत होता. शनिवार डोक्यात घोंगावत होता. मग एका बाईंनी उठून शुभवर्तमानातला उतारा वाचला, साध्या मराठीत, सावकाश. गेथशेमाने बागेचा.

गोष्ट मला ढोबळ माहीत होती. तुम्हालाही असेल. पण ढोबळ माहीत असणं आणि बायोप्सीच्या रिपोर्टच्या दोन दिवस आधी ऐकणं यात फरक आहे. जेवण झाल्यावर येशू बागेत जातो. उद्या आपल्याला पकडून मारणार आहेत हे त्याला ठाऊक आहे. आणि तो घाबरतो. चक्क घाबरतो. आपला जीव मरणाइतका कष्टी झालाय असं मित्रांना सांगतो. हा प्याला माझ्यापुढून निघून जाऊ दे असं देवापाशी मागतो. एकदा नव्हे, तीनदा. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता असं लूक लिहितो. ‘तुझ्या मनासारखं होऊ दे’ हेही तो म्हणतो. पण ‘मला हे नको आहे’ हे सांगून झाल्यावर.

मी लहानपणापासून ज्या देवांच्या गोष्टी ऐकल्या ते सगळे शूर. राक्षस आला की शस्त्र काढायचे. देव म्हणून ज्याची पूजा करतात तो रात्री बागेत पालथा पडून ‘यातून सोडव’ म्हणतोय, हे माझ्यासाठी नवीन होतं. आणि उत्तर? ढगातून आवाज येत नाही. लूक सांगतो, एक देवदूत त्याला बळ द्यायला येतो. पण प्याला काही पुढून हलत नाही.

आणि मग ती जागा आली. पेत्र, याकोब आणि योहान, सगळ्यात जवळचे तिघं, त्यांना तो म्हणालेला असतो की इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. परत येऊन बघतो तर तिघंही झोपलेले. तासभरसुद्धा जागता आलं नाही का, असं तो पेत्राला विचारतो. लूक एक बारीकसा तपशील देतो. ते दुःखाने झोपले होते.

दुःखाने. आळसाने नाही, जेवण जड झालं म्हणून नाही.

मला मंगळवारची रात्र आठवली. माझे ते खोटे लांब लांब श्वास आठवले. आणि मग काय, क्वार्टर गेटच्या चर्चमध्ये, ओळख ना पाळख, मी हमसून हमसून रडले. कोथिंबीरवाले आजोबा एकदा मागे वळले आणि परत पुढे बघायला लागले. कुणी काही विचारलं नाही, याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे.

साडेदहाला आम्ही बाहेर पडलो आणि टपरीवर चहा घेतला. मी तिला म्हटलं, तुझं बरं आहे यार, तुझ्याकडे श्रद्धा आहे. मला नाही जमत असलं. त्यावर ती हसली, पण बरं हसली नाही.

तिचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. ते मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. ‘दीड वर्ष मला एक प्रार्थना म्हणता आली नाही. आईसाठी रविवारी मिस्सेला जायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि आतल्या आत देवाशी भांडायचे. नंतर नंतर तर भांडायलाही समोर कोणी आहे असं वाटेना. ते जास्त भयंकर होतं. मी फादरांना सांगितलं, माझा विश्वास गेलाय. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, राग आलाय ना, मग रागच सांग त्याला. स्तोत्रं काढून वाच.’

बायबलमध्ये स्तोत्रसंहिता म्हणून १५० स्तोत्रांचं पुस्तक आहे. माझा समज होता की त्यात नुसती स्तुती असणार. तर नाही. त्यातली ढीगभर स्तोत्रं म्हणजे सरळ तक्रारी आहेत. कुठे आहेस, किती वेळ लावणार, तोंड का फिरवलंस. बऱ्याच तक्रारींच्या शेवटी का होईना, एखादी आशेची ओळ येते. ८८व्या स्तोत्रात तीही येत नाही. ते अंधारातच संपतं. आणि तरी ते काढून न टाकता दोन हजारांहून जास्त वर्षं लोकांनी ते प्रार्थना म्हणून जपलंय. वसईकर म्हणाली, ‘मला ते वाचून एवढंच वाटलं की हे बोलायला परवानगी आहे. तिथून मी परत सुरू केलं.’

‘आणि मग? देव परत आला?’

‘कधी असतो, कधी नसतो,’ ती म्हणाली. ‘मी जाते मात्र.’ मग एकदम, ‘तुला माहितीये का, मदर तेरेसांच्या अंधाराचा धागा आपल्या पुण्यात येतो ते? माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर!’

मला माहीत नव्हतं. घरी येऊन, आणि नंतरच्या आठवड्यांत, मी जमेल तेवढं वाचून काढलं. ते तुम्हाला सांगते, कारण हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नाही.

मदर तेरेसा १९२९ साली कोलकात्यात आल्या. जवळजवळ वीस वर्षं लोरेटो संस्थेत होत्या, शाळेत शिकवत होत्या. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाताना ट्रेनमध्ये त्यांना आतून हाक आली, गरिबांतल्या गरिबांकडे जा. त्या काळात देव त्यांच्याशी इतका जवळून बोलत होता की त्यांना शंकाच नव्हती. १९४८ मध्ये त्या कॉन्व्हेंटमधून बाहेर पडल्या, १९५० मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली. आणि नेमकं काम सुरू झालं तेव्हापासून आतला आवाज बंद. सिग्नल गेला. १९५८ मधले काही आठवडे सोडले तर १९९७ मध्ये जाईपर्यंत तो परत आलाच नाही. जवळपास पन्नास वर्षं!

हे जगाला कळलं २००७ मध्ये, त्यांची पत्रं पुस्तकरूपाने आली तेव्हा. त्यांनी ती पत्रं जाळून टाकायला सांगितली होती. पत्रांत काय आहे? प्रार्थना करते तर समोर रिकामं वाटतं. देव आहे का, ही शंका येते. माझं हसू म्हणजे वरचं पांघरूण आहे. १९७९ ला नोबेल मिळालं त्या वर्षीही हेच. तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं, बघा, म्हणजे सगळं नाटक होतं. मला विचाराल तर उलट आहे. ज्याला रोज सकाळी मोटिव्हेशन मिळतं तो काम करतो यात काय नवल? या बाईंना आतून काही मिळत नव्हतं आणि तरी त्या रोज पहाटे उठून माणसांच्या जखमा धुवायला जात होत्या.

आता पुणे. १९६१ मध्ये फादर जोसेफ नॉयनर नावाचे एक जेझुइट धर्मगुरू कोलकात्याला सिस्टर्सची साधना घ्यायला गेले. मूळचे ऑस्ट्रियाचे, ईश्वरशास्त्राचे प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून डांबून ठेवलं होतं, तरी ते इथेच राहिले आणि पुण्यात नगर रोडला डी नोबिली कॉलेजात शिकवत होते. आज मेट्रोच्या रामवाडी स्टेशनला आपण उतरतो ना, तोच भाग. मदरनी त्यांना आपल्या अंधाराबद्दल लिहून दिलं.

नॉयनरनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ मी माझ्या शब्दांत देते. पहिलं म्हणजे, यावर माणसाकडे इलाज नाही, तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असं मानून स्वतःला छळू नका. दुसरं, देव ‘जाणवणं’ हा काही तो असल्याचा एकमेव पुरावा नाही. त्याच्यासाठी एवढी तहान लागते, तीच त्याच्या असण्याची खूण आहे. आणि तिसरं, हा अंधार तुमच्या कामाचाच एक भाग आहे. ज्यांना कोणी नाही त्यांच्यात तुम्ही राहता, तर कोणी नसणं म्हणजे काय ते तुमच्या वाट्यालाही आलंय. यानंतर मदरनी त्यांना लिहिलं की अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला या अंधारावर प्रेम करता येऊ लागलंय. अंधार गेला नाही. त्यांनी तो जायची वाट बघणं थांबवलं.

फादर नॉयनर २००९ मध्ये पुण्यातच गेले, शंभरी ओलांडून. मी कॉलेजात होते तेव्हा कुठून कुठून बाइट गोळा करत फिरायचे. तिथे बाजूलाच हा माणूस होऊन गेला आणि मला पत्ता नव्हता.

या अवस्थेला ख्रिस्ती परंपरेत फार जुनं नाव आहे, आत्म्याची काळी रात्र. ते नाव आलं स्पेनच्या संत जॉन ऑफ द क्रॉसवरून. १५७७ च्या डिसेंबरात त्यांना त्यांच्याच संघातल्या साधूंनी पकडून टोलेडोमध्ये कोंडलं, कारण ते संघात सुधारणा मागत होते. नऊएक महिने कोंदट खोली, मारहाण, उपास. १५७८ च्या ऑगस्टमध्ये रात्री ते तिथून निसटले. गंमत म्हणजे त्यांच्या काही उत्तम कविता त्या कोठडीतल्या आहेत. त्यांचंही म्हणणं असं की रात्र ही श्रद्धा संपल्याची खूण नव्हे. पुष्कळदा आपण देवाला सोडून त्याच्याकडून मिळणाऱ्या गोड वाटण्यालाच धरून बसलेले असतो. ते वाटणं काढून घेतलं जातं तेव्हा कळतं, आपण कशासाठी येत होतो.

इथे एक स्टॅच्युटरी वॉर्निंग. प्रत्येक काळी रात्र आध्यात्मिक नसते. झोप उडालीये, छाती धडधडते, रोजची कामं होत नाहीत, जगणं नको वाटतं, असं असेल तर डॉक्टर किंवा काउन्सेलर गाठा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. वसईकरने चर्चही धरलं होतं आणि काउन्सेलिंगही. तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही. फादरांनाही नाही.

बरं, गुरुवारच्या रात्रीकडे परत येते. मी घरी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. काकू गेल्या होत्या. आई जागी होती. चष्मा नाकावर, हातात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आई मराठीची शिक्षिका होती, त्यातला धडा तिने वर्षानुवर्षं शिकवलाय. आजारपणात लोक रामरक्षा म्हणतात, ती रामरक्षाही म्हणते आणि वर स्मृतिचित्रेही वाचते.

मी चपला न काढताच तिच्या पलंगावर बसले. म्हटलं, ‘आई, मंगळवारी रात्री तू हाक मारलीस तेव्हा मी जागी होते.’

‘माहितीये.’

‘कसं?’

‘तू झोपलीस की घोरतेस. त्या दिवशी घोरत नव्हतीस.’

आम्ही दोघी खूप हसलो. मग मी विचारलं, ‘काय सांगायचं होतं तुला?’ आणि घड्याळ लावून सांगते, पुढचा एक तास मी काही न टाळता ऐकलं. मला वाटलं होतं ती मरणाबद्दल बोलेल. ती बोलली बँकेच्या नॉमिनीबद्दल. मग केस जातील का याबद्दल, आणि गेले तर शाळेच्या गेट-टुगेदरला जायचं कसं. मग म्हणाली की तिला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मी रात्री एकटी बसून पाव खाईन याची. आणि शेवटी, अगदी शेवटी, दुखेल का गं खूप, असं म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत नाही. मलाही भीती वाटतेय. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘बरं झालं बोललीस. मला वाटत होतं, मला एकटीलाच वाटतेय.’

मग तिने मला लक्ष्मीबाईंचं सांगितलं. आपण शाळेत वाचलेल्या धड्यातल्या लक्ष्मीबाई म्हणजे विनोदी, खट्याळ. पण जरा विचार करा. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत नवरा, रेव्हरंड टिळक, बाप्तिस्मा घेतो. बायकोला नंतर कळतं. पदरात लहान मुलगा. त्या काळात अशा बाईचं काय होणार? नवऱ्याकडे जावं तर धर्म जातो, जात जाते, माहेर जातं. न जावं तर नवरा जातो. त्यांनी काही वर्षं नवऱ्यापासून लांब काढली. मग नवऱ्याच्या जवळ राहायला आल्या त्याही आधी स्वतःची चूल आणि सोवळं सांभाळून. एकेक भीती त्यांनी सावकाश हातावेगळी केली. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढलं म्हणून नाही, स्वतःला पटलं तेव्हा. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्या आठवणींत त्यांनी आपली फजिती, आपली भीती काही लपवलेली नाही. ‘म्हणून तर हसू येतं,’ आई म्हणाली. ‘शूर असल्याचा आव आणला असता तर कुणी वाचलं नसतं.’

त्या रात्री साडेबाराला आम्ही झोपलो. मी घोरले, असं सकाळी कळलं.

शनिवारी रिपोर्ट आला. कॅन्सर आहे.

मला माहितीये, तुम्हाला वाटलं असेल की एवढं सगळं झाल्यावर रिपोर्ट निगेटिव्ह येईल. मलाही वाटलं होतं. खरं सांगते, गुरुवारी चर्चमध्ये बसताना मी मनातल्या मनात सौदासुद्धा करून ठेवला होता. सौदा फिसकटला. प्याला पुढून हलला नाही. पुढच्या तपासण्या झाल्या, दुसरी स्टेज आहे, डॉक्टर म्हणतात उपचारांना चांगला प्रतिसाद मिळायला हवा. दर एकवीस दिवसांनी केमो. दोन झाल्या. केस गेले. गेट-टुगेदरला ती स्कार्फ बांधून गेली आणि वर म्हणाली, शाम्पूचा खर्च वाचला.

मी ख्रिश्चन झालेले नाही. आईची रामरक्षा चालू आहे, वसईकर तिकडे मेणबत्ती लावते, शेजारच्या काकूंनी गजानन महाराजांना नवस बोललाय. आमच्याकडे सध्या सर्वधर्म जोरात आहे. मला स्वतःला देव जाणवतो का? नाही. निदान अजून नाही. पण ‘श्रद्धा’ म्हणजे भीती संपल्यावर मिळणारी शांत झोप असं जे मला वाटायचं, ते खोडून टाकलंय. बागेतला तो माणूस शेवटपर्यंत घाबरलेलाच होता. मग तो उठला आणि पकडायला आलेल्या लोकांसमोर जाऊन उभा राहिला. मदर रिकाम्या मनाने उठून कामाला लागल्या. वसईकर रागाने का होईना, मागच्या बाकावर जाऊन बसली. यातल्या कुणाचीही भीती किंवा अंधार आधी गेला आणि मग पाऊल उचललं असं झालं नाही.

केमोच्या दिवशी आईच्या खुर्चीशेजारी मी बसते. आधी लॅपटॉप घेऊन जायचे, चार तास फुकट कशाला घालवा म्हणून. आता नेत नाही. ती बोलली तर बोलते, झोपली तर सलाइनचे थेंब मोजते. परवा समोरच्या खुर्चीवरच्या एक मावशी एकट्याच आल्या होत्या. मुलगा ऑफिसातून सुटून न्यायला येणार होता. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘ताई, जरा इकडे बसता का? सुई लावेपर्यंत.’ मला सुयांची भयंकर भीती वाटते, हे तुम्ही पहिल्या पॅराग्राफच्या यादीत घालून घ्या. मी जाऊन बसले. डोळे मिटले नाहीत.

या आठवड्यात मी खरं तर पावसाळी ट्रेकच्या शूजबद्दल लिहिणार होते. एडिटरला तसं कबूलही केलं होतं. तो विषय पुढच्या वेळी, प्रॉमिस. तोवर तुमच्या घरात रात्री तीन वाजता कुणी हळूच ‘जागी आहेस का’, ‘जागा आहेस का’ असं विचारलं, तर एवढंच करा. ‘हो’ म्हणा. पुढचं पुढे बघता येतं.